बाहेरचा साक्षीदार

९ जून

गॅरेट,

तुझा पत्ता रॉयकडून काढला. धान्यकोठारावर गेले तेव्हा तो आधी हवापाण्याच्या गप्पा मारत बसला. मग म्हणाला, कोणालाही देऊ नको म्हणून तू बजावलं आहेस. मी म्हटलं, कोणालाही म्हणजे लोकांना. मी लोक आहे का? त्यावर त्याने पत्ता लिहून दिला. तेव्हा त्याच्यावर चिडू नकोस. तो भिडस्त माणूस आहे, आणि मी काउंटरवर कोपर टेकून उभी राहिले की भलेभले नमतात, हे तुला माहीत आहे.

विलिस्टनला तेलविहिरींच्या कामावर जेवणाचे हालच असणार. सोबत कोलाचे पाठवते आहे, मऊ गोड पावाच्या मधोमध फळाचं सारण, सगळे जर्दाळूचे. आलुबुखाऱ्याचे तू बाजूला काढून ठेवतोस म्हणून केलेच नाहीत. पोस्टातली मुलगी म्हणाली, पोचेपर्यंत वाळतील. वाळले तर कॉफीत बुडवून खा, पण टाकू नकोस.

मागच्या शनिवारी वासरांना डाग दिला. नेहमीची सगळी मंडळी आली होती, आपापले घोडे आणि आपापली भूक घेऊन. दोर टाकायला या वर्षी शेजारच्या फॉसचा जावई होता. पोरगा वाईट नाही, पण एका वासराच्या नादात त्याने अख्खा कळप उधळवला आणि सगळ्यांची अर्धी दुपार गुरं गोळा करण्यात गेली. मिलो काही बोलला नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात मला कळलंय, तो चिडला की बोलतो. बोलला नाही म्हणजे आत दुसरंच काहीतरी चाललेलं असतं. जेवताना कोणाच्या तरी बायकोने, ती नवीन आहे बिचारी, विचारलं की गॅरेट दिसत नाही कुठे? तर टेबलावरच्या सगळ्यांनी एकदम माझ्या बटाट्याच्या सॅलडचं कौतुक सुरू केलं. त्या सॅलडमध्ये मी मीठ विसरले होते.

आता मुद्द्याचं. तू न सांगता गेलास. गावातल्या तुझ्या खोलीची किल्ली दारात टांगलेली होती, आत झाडून काढलेलं होतं. चिठ्ठी शोधली, नव्हती. मिलो म्हणतो, ऑफिसात बोललो ते ऑफिसापुरतं होतं, एवढं पोराला कळायला हवं. मी म्हटलं, पोराला काय कळायला हवं हे तू ठरवू नकोस. त्यानंतर आठवडाभर आमच्यात गुरांपलीकडे बोलणं नव्हतं.

तू ये. बाकी काही मागत नाही. ये, मिलोला चार शिव्या दे, मला दे, आणि मग जेवायला बस.

आई

२९ जून

गॅरेट,

तुझ्याकडून काही नाही. कोलाच्यांचा डबा परत आला नाही, म्हणजे निदान घेतलास असं समजते.

आज मी ते सगळं एकदा लिहून काढणार आहे. तू तिथे होतास, तुला सांगायची गरज नाही. पण मिलोच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं, आणि तो स्वतःच्या बाजूने जन्मात बोलायचा नाही. शेवटी तुला तो दोषी वाटला तर वाटू दे. मलाही वाटतो. पण आधी वाच.

ते ऑक्टोबरातलं वादळ आठव. आधी दिवसभर पाऊस, मग त्याच ओल्या अंगावर बर्फ. गाईंना हिवाळ्याचे केस फुटले नव्हते. वारा पाठीशी घेऊन त्या चालत राहिल्या, बुजलेल्या कुंपणांवरून, थेट फॉसच्या ओढ्यापर्यंत, आणि तिथे एकमेकींवर पडल्या. रस्ते बंद होते. फोन बंद होता. मिलो खिडकीत उभा राहून फक्त पांढरं बघत होता. आणि कोणी न बोलावता तू गावातून कोणाचा तरी ट्रॅक्टर घेऊन निघालास, तो रुतला तशी उरलेली वाट चालत आलास. दारात उभा राहिलास तेव्हा तुझ्या भुवयांवर बर्फ होता. मी आधी रागावले आणि मग सूप दिलं.

ओढ्यावर तुम्ही दोघं गेलात. मला मिलोने नंतर एकदाच सांगितलं. पहिली गाय दिसली आणि तो टोपी काढून तिच्या शेजारी खाली बसला, त्याला उठता येईना. मोजणी तू केलीस. एकेकीच्या कानातला बिल्ला पुसून नंबर मोठ्याने म्हणत गेलास, कारण त्याला म्हणवत नव्हतं. खड्डा खणायला तूच. ढकलायलाही तूच.

वॉशिंग्टनमध्ये तेव्हा पुढाऱ्यांची खर्चावरून आपापसांत जुंपली होती, सरकारी कामकाज बंद होतं आणि काउंटीच्या शेती ऑफिसला कुलूप होतं. बघायला कोणी येणार नव्हतं. मेलेली जनावरं काही कुलूप उघडायची वाट बघत पडून राहत नाहीत, म्हणून पुरली. मग हिवाळा सरत आला तेव्हा त्यांना जाग आली, कायदा झाला, मेलेल्या गुरांमागे भरपाई मिळणार असं जाहीर झालं. फक्त ती मेली हे सिद्ध करा. कसं? तर ती डोळ्यांनी पाहिलेला माणूस आणा. घरचा चालणार नाही, पगारी गडी चालणार नाही. बाहेरचा साक्षीदार पाहिजे.

आपल्या गाई मेलेल्या पाहिलेला माणूस जगात एकच होता. फॉसचीही स्वतःची मरत होती, तो कशाला आपल्या बघायला येतोय? आणि नियमाच्या भाषेत तू बाहेरचाच होतास. सहा वर्षांचा असताना काउंटीच्या बालकल्याण खात्यातल्या बाईने तुला थोड्या दिवसांसाठी म्हणून आमच्या दारात सोडलं, आणि ते थोडे दिवस संपलेच नाहीत. तुझ्या जन्मदात्या आईने तुझ्यावरचा हक्क कधी सोडला नाही, म्हणून दत्तक घेता आलं नाही. ती गेली तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास. तिचं सगळं आटोपल्यावर तू मिलोला विचारलंस की आता करून टाकूया का दत्तकाचं? मी भांडी घासत होते, मला सगळं ऐकू आलं. तो म्हणाला, "कागदाने काय होतंय? जेवतोस ना इथे?" तू हसलास. मला वाटलं, मिटलं.

मग या वसंतात आपण तिघं त्या ऑफिसात गेलो. काउंटरपलीकडे जोलीन, ती नियमाप्रमाणे विचारणार. तिने विचारलं, "गॅरेट, तुझं यांच्याशी नातं काय?" ती तुला विचारत होती. तू तोंड उघडायच्या आत मिलो म्हणाला, "नातं कसलं? काही नाही. बाहेरचाच आहे तो." एवढ्यावर थांबला असता तरी मी काहीतरी सावरून घेतलं असतं. पण त्याला वाटलं जोलीनला अजून पटायला हवं, म्हणून हसला आणि म्हणाला, "लहान असताना यायचा आमच्याकडे जेवायला."

मी शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसले होते. मी काही बोलले नाही. ते मला कोणी विसरू देणार नाही आणि मीही विसरणार नाही.

तू सही केलीस. मग मिलोशी हात मिळवलास, गुरांच्या बाजारात अनोळखी माणसाशी मिळवतात तसा. त्याला ते कळलंच नाही. तो गाडीत बसल्यावर म्हणाला, "झालं बुवा एकदाचं."

हे असं झालं. त्याच्या मनात तसं नव्हतं, एवढंच मला म्हणायचं होतं, आणि लिहून झाल्यावर ते किती थोडं वाटतंय.

आई

११ ऑगस्ट

गॅरेट,

काउंटीची जत्रा झाली. उकाड्याने जीव नको झाला होता. मी लोणच्याची बरणी ठेवली होती, तिला दुसरा नंबर. पहिला डोना फॉसला. तिचा नवरा अर्लन शेती समितीचा अध्यक्ष, आणि बरण्यांना नंबर देणारी बाई डोनाची चुलत बहीण. मी काही म्हणत नाही.

डोनाशी मात्र माझं भांडण झालं, ते बरण्यांवरून नाही. ते तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगते.

ती ॲपल पायचा तुकडा घेऊन माझ्या टेबलाशी आली, लाडाने बसली, आणि म्हणाली की तुम्ही एवढ्यातून गेलात, पण बघ, आम्ही सगळे उभे राहिलो की नाही तुमच्या पाठीशी? ती मे महिन्यातल्या त्या सभेबद्दल बोलत होती. तुला ती सभा माहीत आहे, तू मागच्या रांगेत बसला होतास. कोणीतरी नाव न घालता वर कळवलं की ह्रुश्कांचा, म्हणजे आमचा, साक्षीदार त्यांच्या घरातलाच आहे, आणि वरून हुकूम आला की समितीने चौकशी करावी. समिती म्हणजे कोण? आपणच मतं देऊन निवडलेली तीन माणसं. त्यांना एकमेकांच्या कुत्र्यांचीही नावं माहीत.

इथली रीत मी तुला लहानपणीच शिकवली होती. आपसात कितीही भांडा, पण सरकारी माणूस आला की शेजाऱ्याला उघडं पाडायचं नाही. कुंपण दुसऱ्याच्या जमिनीत सरकलेलं असलं तरी म्हणायचं, ते आजोबांच्या वेळेपासून तिथेच आहे. वॉशिंग्टनला शिव्या द्यायच्या आणि जोलीनच्या काउंटरपुढे रांग लावायची. या काउंटीत सरकारी पैशावाचून एक घर उभं राहणार नाही, म्हणून ते येत राहावेत याची काळजी सगळे मिळून घेतात. त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. त्यांच्या दृष्टीने त्यांनी आम्हाला वाचवलं.

एकेक जण उठला. नोवोत्नीबाई म्हणाल्या, शाळेत मी त्याला शिकवलं, पटावर नाव प्रूएट होतं, ह्रुश्का कधीच नव्हतं. फादर कुबिक म्हणाले, चर्चच्या नोंदीत आईबापाच्या जागी या दोघांची नावं नाहीत. रॉय म्हणाला, तो माझ्याकडे कामाला आहे, गावात भाड्याने राहतो, स्वतःचं खातो. आणि अर्लन शेवटी म्हणाला, "मी मिलोला तीस वर्षं ओळखतो. याला मुलगा म्हणताना मी त्याला एकदाही ऐकलेलं नाही."

बोलून झालं की प्रत्येक जण मिलोच्या पाठीवर थाप मारून जागेवर जात होता. मागे कॉफी होती, डोनाने लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. तुझ्याकडे एकानेही पाहिलं नाही. लाजले होते म्हणून नव्हे रे. त्यांना सुचलंच नाही. तू त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलास, त्यांच्या गुरांच्या मागे धावलास, त्यांच्या मेलेल्यांच्या पेट्या खांद्यावर नेल्यास, आणि त्या खोलीत तुला काही लागेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

अर्लनने तुला विचारलं, हे सगळं खरं ना? तू उभा राहिलास. टोपी हातात होती. "हो," म्हणालास, "खरं आहे." दुसऱ्या दिवशी तू गेलास.

तर डोनाला मी म्हटलं, "उभे राहिलात ना. त्याच्या अंगावर उभे राहिलात." ॲपल पायचा तुकडा तसाच टाकून ती उठली. आता चर्चमध्ये ती पलीकडच्या बाकावर बसते. बसू दे.

मला तुझी फार आठवण येते. एवढं सरळ मी कधी लिहीत नाही, तुला माहीत आहे.

आई

१८ सप्टेंबर

गॅरेट,

हे पत्र नीट वाच. मागची नाही वाचलीस तरी चालेल.

भरपाईचे पैसे बँकेत आले. उन्हाळ्यातच आले होते, मिलोने मला सांगितलं नव्हतं. मी वाट बघत होते की आता तो कालवडी बघायला निघेल, कारण अर्धा कळप गेलाय आणि बाजार आत्ताच बरा आहे. तो निघेना. मी शेवटी विचारलं की याच पैशांसाठी एवढं सगळं केलंस ना, मग आता घोडं अडलंय कुठे?

तो अंगणात गाडीखाली काहीतरी खटपट करत होता. बाहेर आला नाही. तिथूनच म्हणाला, "गाई कोणाला हव्यात? मी सत्तरीचा झालो. कळप उभा राहिला तर पोराला देता येईल म्हणून गेलो होतो ना तिथे."

मी पायरीवर बसले. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, हे त्याला कधी सांगितलंस? तर गाडीखालून आवाज आला, "त्यात सांगायचं काय?"

गॅरेट, मी या माणसाशी एवढी वर्षं संसार केला, आणि त्या क्षणी माझ्या हातात पाना असता तर मी तो त्याच्या नडगीवर घातला असता. मग मी रडले. त्याने पाय हलवले नाहीत. माझं रडणं थांबेपर्यंत तो गाडीखालीच राहिला, आणि गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

दोन-तीन दिवस तो आपल्याच विचारात होता. मग परवा सकाळी अंघोळ करून रविवारचा शर्ट घालून आला. मी विचारलं, कोण गेलं? तो म्हणाला, समितीची बैठक आहे, तू येणार असशील तर ये.

मी गेले. तेच तिघं, तीच जोलीन. मिलो बसला नाही. तो म्हणाला की वसंतात मी इथे सांगितलं की गॅरेट माझा कोणी नाही, ते खोटं होतं. तो माझा मुलगा आहे. घरचा साक्षीदार चालत नाही, म्हणजे ते पैसे माझे नाहीत, ते परत घ्या.

मी त्याला इतकं सलग बोलताना आमच्या लग्नातही ऐकलं नव्हतं. जोलीनचे डोळे भरून आले होते, पण ती बाई कामाला चोख, तिने पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं. रक्ताचं, लग्नाचं किंवा दत्तकाचं नातं असेल तर घरचा. नाहीतर नाही.

अर्लन उठून मिलोजवळ आला. वाईटपणा नव्हता त्याच्या मनात, ते मला कबूल करायलाच हवं. तो हळू आवाजात म्हणाला, "मिलो, कागदावर तो तुझा कोणी नाही. पैसे नियमाने तुझेच आहेत. घरी जा."

मिलो म्हणाला, "मी खोटं बोललो होतो, अर्लन."

"नाही बोललास," अर्लन म्हणाला. "तेच तर सांगतोय."

घरी येताना गाडी मी चालवली.

आई

१४ ऑक्टोबर

गॅरेट,

वादळाला वर्ष झालं. या वर्षी ऑक्टोबर इतका गोड आहे की संताप येतो. गाई ओढ्याकाठी उन्हात चरताहेत, जसं काही झालंच नाही.

आता ऐक. अर्लनच्या त्या उत्तरानंतर मिलो गप्प बसेल असं मला वाटलं होतं. बसला नाही. तो कोर्टात वकिलाकडे गेला, एकटाच, मला न सांगता. परत आला तेव्हा खिशात दुमडलेला कागद होता. मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं. त्याला सोपं आहे म्हणे, लहान मुलापेक्षा सोपं. कोणाची परवानगी लागत नाही, काउंटीची बाई लागत नाही. फक्त ज्याला घ्यायचं त्याने न्यायाधीशासमोर उभं राहून हो म्हणायचं.

तारीख मिळाली आहे. पंचवीस नोव्हेंबर, मंगळवार, थँक्सगिव्हिंगच्या आधीचा. मी वकिलाला विचारलं की नाव बदलावं लागतं का? तो म्हणाला, नाही, हवं तर प्रूएटच ठेवा. तेव्हा त्याची काळजी करू नकोस. तुझ्या आईची ती एकच गोष्ट तुझ्याकडे आहे, ती मी मागणार नाही.

आणि पैशाचं म्हणशील तर त्याच्याशी याचा काही संबंध नाही. उलट मिलोने वकिलाला विचारलं की हे झालं तर भरपाई परत द्यावी लागेल का? तो म्हणाला, नाही, तेव्हा जे होतं ते होतं, आजचा कागद मागे लागू होत नाही. मिलो जरा हिरमुसला. त्याला ते पैसे टोचतात. हात लावत नाही त्यांना.

मी त्याला म्हटलं, या वेळी तू लिही. त्याने पेन घेतलं, जेवणाच्या टेबलाशी बसला, कॉफी थंड केली, पुन्हा गरम करायला लावली. खाली त्याने लिहिलंय ते त्याच्याच हातचं आहे. मी त्याला दुसरं काही सुचवलं नाही.

आई

पोरा,
रस्त्यावर बर्फ असेल तर सावकाश ये.
मिलो

२६ नोव्हेंबर

गॅरेट,

पत्र पाठवू नका, असं तू फोनवर म्हणालास. हे एक पाठवते आहे आणि मग थांबते. तुझं ऐकायचं नाही असं नाही. पण कालचं तुला माझ्याशिवाय कोणी सांगणार नाही.

आधी तो फोन. मी कणीक मळत होते, हात तसेच घेऊन धावले. तुझा आवाज लगेच ओळखला. तू म्हणालास, "मिसेस ह्रुश्का, मी गॅरेट प्रूएट बोलतोय." अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला मी काय म्हणणार? मी म्हटलं, हो, बोल.

तू म्हणालास, तुमची पत्रं सगळी मिळाली, कोलाचेही मिळाले, आभारी आहे. मी रागावलेलो नाही. मला वाटलं, आता 'पण' येणार, आणि तो आला. तुझे शब्द मी रोज आठवते, त्यामुळे चुकणार नाहीत. "त्या सभेत मी मागे बसून ऐकत होतो. प्रत्येक जण बोलत होता तेव्हा मी वाट बघत होतो, आता हा एक तरी खोटं बोलेल. माझ्यासमोर, मला वाचवायला नाही तर तुम्हाला वाचवायला का होईना, पण खोटं. खोटं बोलावं लागलं असतं, तर मी तुमचा होतो असं तरी ठरलं असतं. एकही जण खोटं बोलला नाही हो. सगळं खरं होतं." मग म्हणालास की इथे काम आहे, माणसं बरी आहेत, कोणी काही विचारत नाही. मी पंचवीसला येणार नाही, मिलोला सांगा.

तू हे अगदी शांतपणे बोललास. ओरडला असतास तर मीही ओरडले असते आणि काहीतरी झालं असतं. मी तुला म्हटलं, बरं. बाळा, बरं. मग फोन ठेवल्यावर कणकेचा हात डोळ्याला लागला.

मिलोला मी त्याच दिवशी सांगितलं. लपवलं नाही. त्याने ऐकून घेतलं, गुरांना चारा घालायला गेला, आणि आल्यावर म्हणाला, "तारीख दिलीय. जायला हवं." मी म्हटलं, तो येणार नाही असं स्वतः म्हणाला आहे. तो म्हणाला, "ऐकलं मी."

काल आम्ही सकाळीच कोर्टात पोचलो. मिलोने दाढी करताना गाल कापून घेतला होता, त्यावर कागदाचा तुकडा चिकटलेला, तो मी जिन्यात काढला. न्यायाधीश बाई तरुण आहेत. त्यांनी वकिलाला विचारलं, संबंधित व्यक्ती हजर आहे का? वकील म्हणाला, नाही. त्या म्हणाल्या, मग आज काही करता येणार नाही, आले तर दिवसभरात कधीही बोलवा, मी इथेच आहे. चांगल्या बाई.

मग मिलो बाहेर बाकावर जाऊन बसला. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, दिवस आहे अजून.

ते कोर्ट तुला माहीत आहे. गाडीचे नंबर, लग्नाचे परवाने, जमिनीचे कर, सगळं त्याच बोळातून. सणाच्या आधीचे दिवस, अर्धी काउंटी तिथून गेली. आणि जो जाईल तो थांबून विचारतो, काय मिलो, इकडे कुठे? मला वाटलं तो काहीतरी थातूरमातूर सांगेल. पहिल्यांदा नोवोत्नीबाई आल्या. त्यांना म्हणाला, "मुलाची वाट बघतोय." त्यांनी माझा हात धरला. मग रॉय आला, त्याला तेच सांगितलं. ज्यांना मी ओळखतही नाही अशा लोकांनाही सांगितलं. कोणी नुसतं मान हलवून पुढे जायला लागलं तर तो आपणहून म्हणायचा, "माझा मुलगा यायचाय, विलिस्टनहून."

दुपारनंतर अर्लन फॉस गाडीचा नंबर घ्यायला आला. तो थांबला. मिलोने त्याच्याकडे पाहून तेच म्हटलं, ठळक आवाजात, म्हणजे जिन्यापर्यंत ऐकू जावं असं. अर्लनने टोपी काढली. तो आमच्या शेजारी बसला आणि बराच वेळ बसून राहिला, नंबर न घेताच गेला.

मी बाहेर जाऊन सँडविच आणलं, ते मिलोने खाल्लं नाही. दार उघडलं की दर वेळी तो मान वर करत होता. मीही करत होते. तू येणार नाहीस हे मला माहीत होतं, तरी करत होते.

शेवटी खोल्यांमधले दिवे मालवायला लागले. झाडूवाला आला, नवीन आहे, आम्हाला ओळखत नव्हता. म्हणाला, बंद करायचं आहे, कोणासाठी थांबलात?

"माझ्या मुलासाठी," मिलो म्हणाला.

झाडूवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. म्हणाला, "उशीर झाला वाटतं त्याला."

"त्याला नाही," मिलो म्हणाला. "मला झाला."

तू ते ऐकायला नव्हतास, म्हणून लिहिलं.

आई